गेमच्या आधी आणि गेमच्या नंतर: विंडोजच्या बॅच फाइलचं काम

एज ऑफ एम्पायर्सचा दुसरा भाग १९९९ साली आला तेव्हा तो २५६ रंगांत चालायचा. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, विंडोज ७ आलं आणि अनेकांच्या पडद्यावर त्याच गेममधलं गवत लालसर-जांभळं दिसू लागलं, पाण्यावर भलत्याच रंगाचे ठिपके पडू लागले. (त्याआधीच्या विंडोज व्हिस्टावरही हे व्हायचं. पण व्हिस्टा वापरणारे आधीच इतके वैतागलेले होते की पाण्याचा रंग त्यांच्या तक्रारींत बराच खाली असावा.) या दुखण्यावर जो उपाय हातोहात पसरला, तो कंपनीचा पॅच नव्हता. नोटपॅडमध्ये लिहिलेल्या पाच ओळींची बॅच फाइल होती, म्हणजे विंडोजने एकामागून एक पाळायच्या कमांडची साधी फाइल. साधारण अशी:

@इको ऑफ
सीडी /डी "%~डीपी०"
टास्ककिल /एफ /आयएम एक्सप्लोरर.ईएक्सई
स्टार्ट "" /वेट एम्पायर्स२.ईएक्सई
स्टार्ट "" एक्सप्लोरर.ईएक्सई

पुढे जाण्याआधी एक खुलासा. या लेखात कमांड देवनागरीत दिल्या आहेत, म्हणजे वाचताना अडखळायला होणार नाही. फाइलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहायच्या. टक्के, तिरक्या रेघा, अवतरणचिन्हं मात्र इथे आहेत तशीच ठेवायची, कारण बॅच फाइलमधल्या निम्म्याअधिक चुका याच चिन्हांपाशी होतात.

आता या पाच ओळी काय करतात ते पाहू. २५६ रंगांच्या मोडमध्ये पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचा रंग नसतो. ० ते २५५ मधला एक क्रमांक असतो. कुठला क्रमांक म्हणजे कुठला रंग, हे एका तक्त्यात लिहिलेलं असतं आणि तो तक्ता सगळ्या प्रोग्रॅमना मिळून एकच. गेम सुरू होताना तो तक्ता आपल्या रंगांनी भरतो. पण मागे विंडोजचा एक्सप्लोरर जागाच असतो. डेस्कटॉप, टास्कबार आणि फोल्डरच्या विंडो दाखवणारा प्रोग्रॅम तो हाच. तोही त्याच तक्त्यात आपले रंग घालत राहतो. बिंदूंचे क्रमांक तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो आणि हिरवं गवत जांभळं होतं. तिसऱ्या ओळीत एक्सप्लोररच बंद केला की तक्त्यात ढवळाढवळ करणारं कोणी उरत नाही.

पण खरी गंमत चौथ्या आणि पाचव्या ओळीत आहे. एक्सप्लोरर बंद केला की डेस्कटॉप जातो, स्टार्ट मेनू जातो, टास्कबार जातो. गेम खेळून बाहेर आलात की समोर नुसता रिकामा पडदा. म्हणून कोणीतरी गेम संपेपर्यंत थांबलं पाहिजे आणि तो संपल्यावर एक्सप्लोरर पुन्हा सुरू केला पाहिजे. चौथ्या ओळीतलं "/वेट" थांबतं, पाचवी ओळ घर पुन्हा लावून देते. गेम मधेच क्रॅश झाला तरीही, कारण बॅच फाइलच्या लेखी गेम नीट संपला काय किंवा कोसळला काय, तो संपला एवढंच खरं.

डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटला हे जमत नाही. शॉर्टकट गेम सुरू करतो आणि तिथे त्याचं काम संपतं. गेमच्या आधी काही आणि नंतर काही करायचं असेल, तरच बॅच फाइल लिहिण्यात अर्थ आहे. "बॅच फाइल वापरली की गेम वेगात चालतो" असं कोणी सांगत असेल, तर त्याकडे फार लक्ष देऊ नका. गेम तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, प्रोसेसर तोच.

ही युक्ती विंडोजपेक्षाही जुनी. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर डॉस आलं, म्हणजे कमांड टाइप करून मशीन चालवायची जुनी सिस्टिम, तेव्हाही त्यात बॅच फाइल होती: एकेक करून टाइप करायच्या कमांड एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवायच्या आणि फाइलचं नाव टाइप करायचं. मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाइलचं नाव ऑटोएक्झेक डॉट बॅट. नव्वदच्या दशकात डॉसवर गेम खेळणाऱ्यांचं निम्मं आयुष्य या फाइलशी झटापट करण्यात गेलं. कारण डॉसच्या प्रोग्रॅमना सरळ वापरता येणारी मेमरी फक्त ६४० केबी. माउसचा ड्रायव्हर, सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर, सगळे त्यातच बसायचे आणि उरलेल्या जागेत गेम मावायला हवा. मग "लोडहाय" वापरून ड्रायव्हर वरच्या मेमरीत ढकला, साउंड ब्लास्टर कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे हे "सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१" अशा ओळीने गेमला सांगा, अशी कामं चालत. १९९३ च्या डॉस ६ मध्ये सुरुवातीलाच मेनू दाखवायची सोय आली आणि एका गेमसाठी सीडी ड्रायव्हरसह, दुसऱ्यासाठी त्याच्याशिवाय असं मशीन सुरू करता येऊ लागलं. त्याआधी लोक त्यासाठी वेगवेगळ्या फ्लॉपी बाळगत. आज जुने गेम खेळायला जो डॉसबॉक्स वापरतात, त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये शेवटचा भाग "ऑटोएक्झेक" याच नावाचा आहे आणि त्यातही बॅचसारख्याच ओळी लिहायच्या असतात.

फाइल तयार करताना

नोटपॅड उघडा, ओळी लिहा आणि फाइलच्या नावाला शेवटी "डॉट बॅट" लावून सेव्ह करा. बहुतेकांचं पहिलं अपयश इथेच येतं. सेव्ह करताना प्रकार "ऑल फाइल्स" निवडला नाही, तर नोटपॅड स्वतःहून मागे "डॉट टीएक्सटी" जोडतो आणि विंडोज फाइलचं एक्स्टेन्शन लपवून ठेवत असल्यामुळे ते दिसतही नाही. डबल-क्लिक केलं की गेमऐवजी पुन्हा नोटपॅडच उघडतो. फोल्डरच्या "व्ह्यू" मेनूत जाऊन एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय एकदाच चालू करून ठेवा. बॅच फाइल लिहा अगर लिहू नका, ती सवय चांगलीच. "डॉट बॅट" ऐवजी "डॉट सीएमडी" लावलं तरी आपल्या कामापुरता फरक पडत नाही.

पहिली ओळ "@इको ऑफ" फक्त दिखाव्यासाठी. ती नसेल तर बॅच फाइल चालताना उघडणाऱ्या काळ्या विंडोत (कमांड प्रॉम्प्ट) प्रत्येक कमांड चालण्याआधी छापली जाते. फाइल नवीन असताना ही ओळ काढून टाकणंच बरं, म्हणजे गाडं कुठे अडलं ते दिसतं. शेवटी "पॉज" ही कमांड लिहिली तर विंडो पटकन मिटत नाही, की दाबेपर्यंत थांबते आणि चुकीचा संदेश वाचायला मिळतो.

दुसरी ओळ दिसायला विचित्र, पण सगळ्यांत कामाची. "%~डीपी०" म्हणजे "ही बॅच फाइल ज्या ड्राइव्हवर आणि ज्या फोल्डरमध्ये आहे ती जागा". त्याआधीचं "सीडी /डी" त्या जागी जातं. "/डी" नसेल तर ते सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर उडी मारत नाही. ही ओळ का हवी? कारण बॅच फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे आणि ती कुठल्या फोल्डरमध्ये उभी राहून काम करते, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नुसतं डबल-क्लिक केलं तर दोन्ही एकच असतात. पण "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" केलं की फाइल विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये उभी राहते आणि तुमचा गेम तिथे शोधते. तो तिथे अर्थातच नसतो. जुन्या गेमची गत याहून वाईट: गेम सुरू होतो, पण त्याच्या आवाजाच्या आणि नकाशांच्या फाइल तो चालू फोल्डरमध्ये शोधतो आणि "सीडी घाला" असला काहीतरी असंबद्ध संदेश देऊन बंद पडतो. फाइल गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवा, ही ओळ वर लिहा आणि डेस्कटॉपवर फक्त तिचा शॉर्टकट ठेवा. त्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये "मिनिमाइझ्ड" निवडलं की काळी विंडोही डोळ्यांसमोर येत नाही.

आता "स्टार्ट" नंतरची ती रिकामी अवतरणचिन्हं. गेमच्या मार्गात मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ प्रोग्रॅम फाइल्स, तर पूर्ण मार्ग अवतरणात घालावा लागतो. पण "स्टार्ट" ला अवतरणातली पहिली गोष्ट विंडोचं शीर्षक वाटते. त्यामुळे अवतरणात घातलेला गेमचा मार्ग तो शीर्षक म्हणून लावतो आणि त्या नावाची एक नवी काळी विंडो उघडून गप्प बसतो. गेम नाही, चूक झाल्याचा संदेशही नाही. म्हणून आधी रिकामं शीर्षक देऊन टाकायचं आणि मग मार्ग लिहायचा. असली रचना ज्याने कोणी केली त्याला दोन शब्द सुनवावेत असं वाटतं, पण आता ती बदलणार नाही. इतक्या वर्षांच्या फाइल तिच्यावर चालत आहेत.

बारकाव्यात रस असणाऱ्यांसाठी आणखी एक. बॅच फाइलमध्ये "स्टार्ट" न लिहिता गेमचं नुसतं नाव लिहिलं तरी फाइल गेम संपेपर्यंत थांबते. तीच ओळ काळ्या विंडोत हाताने टाइप केली तर थांबत नाही. हाताने करून पाहिलं आणि फाइलमध्ये वेगळंच झालं, अशा तक्रारींमागे बहुधा हाच फरक असतो. आणि एका बॅच फाइलमधून दुसरी चालवायची असेल तर तिच्या नावाआधी "कॉल" लिहा. नाहीतर दुसरी फाइल संपल्यावर पहिलीकडे परत येणं होत नाही.

गेम संपला हे कळणार कसं?

इथपर्यंतचं सगळं जुन्या गेमसाठी सरळ आहे. एक ईएक्सई, म्हणजे गेमची चालणारी फाइल: ती चालते, ती संपते. अडचण सुरू होते लाँचरपाशी, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमपाशी.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला गेम बॅच फाइलमधून सुरू करायचा तर त्याचा तिथला क्रमांक वापरतात. पोर्टल २ चा क्रमांक ६२०, डोटा २ चा ५७०, काउंटर-स्ट्राइक २ चा ७३०. ओळ अशी:

स्टार्ट "" "स्टीम://रनगेमआयडी/६२०"

गेम सुरू होतो. पण इथे "/वेट" लिहून काही उपयोग नाही. आपण गेम सुरू केलेलाच नसतो. स्टीमला फक्त निरोप दिलेला असतो, आणि निरोप पोचल्याबरोबर बॅच फाइल पुढच्या ओळीवर जाते. पुढच्या ओळीत "गेम संपल्यावर" करायचं काम असेल, तर ते गेमचा पहिला पडदा दिसायच्या आधीच उरकलेलं असतं. स्वतःचे लाँचर असणाऱ्या इतर गेममध्येही तेच: तुम्ही चालवलेली ईएक्सई छोटी असते, ती मोठ्या ईएक्सईला उठवते आणि स्वतः निघून जाते. "/वेट" छोटीसाठी थांबलेलं असतं.

यावर उपाय एकच. खऱ्या गेमचं नाव चालू प्रोग्रॅमच्या यादीत आहे का, हे थोड्या थोड्या वेळाने बघत राहायचं:

टाइमआउट /टी ६० /नोब्रेक >नल
:थांब
टास्कलिस्ट /एफआय "इमेजनेम ईक्यू पोर्टल२.ईएक्सई" | फाइंड /आय "पोर्टल२.ईएक्सई" >नल
इफ नॉट एररलेव्हल १ (
टाइमआउट /टी १० /नोब्रेक >नल
गोटू थांब
)

वाचायला क्लिष्ट, पण अर्थ साधा. आधी साठ सेकंद थांब, म्हणजे गेमला उघडायला वेळ मिळेल. मग "टास्कलिस्ट" कडून यादी घे आणि "फाइंड" ला त्यात नाव शोधायला सांग. "फाइंड" ला नाव सापडलं तर तो ० हा निकाल (म्हणजेच "एररलेव्हल") मागे ठेवतो, नाही सापडलं तर १. निकाल १ नसेल, म्हणजे गेम चालू असेल, तर दहा सेकंद थांब आणि "थांब" या खुणेपाशी परत जा. नाव सापडेनासं झालं की फाइल त्या फेऱ्यातून बाहेर पडून पुढच्या ओळीवर जाते. खुणेचं नाव तुम्ही काहीही ठेवू शकता. साठ सेकंद हा अंदाज आहे. जुन्या हार्ड डिस्कवर मोठा गेम असेल किंवा स्टीमला आधी अपडेट उतरवायचं असेल, तर हा आकडा वाढवा.

खऱ्या ईएक्सईचं नाव कुठून मिळवायचं? गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये "डीटेल्स" या टॅबवर. इथे अनरियल इंजिन या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनलेल्या गेमचा एक नेहमीचा सापळा आहे. त्यांच्या खऱ्या ईएक्सईच्या नावामागे "विन६४-शिपिंग" अशी शेपटी असते, त्यामुळे नाव लांबतं आणि टास्कलिस्ट आपल्या तक्त्यात नावाची फक्त पहिली २५ अक्षरं छापते. "फाइंड" पूर्ण नाव शोधत बसतो, ते तक्त्यात कधीच सापडत नाही आणि गेम जोरात चालू असताना फाइल "संपला" समजून पुढे जाते. अशा वेळी "फाइंड" ला नावाचा फक्त सुरुवातीचा भाग द्यायचा, किंवा टास्कलिस्टला "/एफओ सीएसव्ही" सांगायचं. त्या प्रकारात नावं कापली जात नाहीत.

स्टीमसारखंच एपिक गेम्सच्या लाँचरमधला गेम पत्ता देऊन सुरू करणाऱ्यांना आणखी एका गोष्टीचा त्रास होतो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमधून जो लांबलचक पत्ता कॉपी करता, त्यात "%३ए" असे तुकडे असू शकतात. बॅच फाइलमध्ये टक्क्याच्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे: त्याच्यापुढे आकडा आला की "फाइलला बाहेरून दिलेली त्या क्रमांकाची माहिती". म्हणजे "%३" गायब होतं आणि पत्ता मोडतो. प्रत्येक टक्का दोनदा लिहिला, "%%३ए", की पत्ता शाबूत राहतो. त्याच पत्त्यातलं "&" हे चिन्हही बॅच फाइलला "इथे नवी कमांड सुरू" असं वाटतं, म्हणून पूर्ण पत्ता अवतरणात हवाच.

आधी काय, नंतर काय

एकदा थांबणं जमलं की मग या फाइलचं चीज होतं. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा उपयोग सेव्ह फाइलची, म्हणजे खेळातली प्रगती साठवलेल्या फाइलची प्रत. त्यासाठी फाइल कॉपी करणारी "रोबोकॉपी" ही कमांड, गेम संपला की लगेच:

रोबोकॉपी "%यूजरप्रोफाइल%\सेव्ह्ड गेम्स" "डी:\गेमबॅकअप" /ई

सेव्ह कुठे ठेवायच्या याबद्दल गेम बनवणाऱ्यांत एकमत नाही: कोणी "सेव्ह्ड गेम्स" मध्ये ठेवतं, कोणी डॉक्युमेंट्समधल्या "माय गेम्स" मध्ये, कोणी लपलेल्या ॲपडेटामध्ये. तुमच्या गेमची जागा शोधून मार्ग तसा बदला. "/ई" म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरसकट. पुष्कळ ठिकाणी "/ई" ऐवजी "/एमआयआर" सुचवलेलं दिसेल. सेव्हसाठी ते वापरू नका. त्याचा अर्थ मूळ फोल्डरची हुबेहूब प्रतिकृती. म्हणजे मूळ फोल्डरमधून सेव्ह उडाल्या, तर तो प्रतीतूनही इमानेइतबारे उडवतो. ज्या दिवसासाठी प्रत ठेवली त्याच दिवशी ती रिकामी झालेली असते. रोबोकॉपीचे निकालही उलटे वाटतात: इतर कमांडींत १ म्हणजे चूक, इथे १ म्हणजे फाइल व्यवस्थित उतरल्या. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच चूक समजायची.

प्रत्येक वेळी तारखेचं वेगळं फोल्डर करावं असं वाटेल आणि त्यासाठी "%डेट%" सापडेल. तो तारीख तुमच्या विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगप्रमाणे देतो. कुठे मधे आडवी रेघ, कुठे तिरकी. तिरकी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही. आपल्या मशीनवर चाललेली फाइल मित्राच्या मशीनवर मोडते ती बरेचदा यामुळे.

लॅपटॉपवाल्यांसाठी वीज वाचवण्याचं सेटिंग बदलणं हा दुसरा चांगला उपयोग. "पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_मिन" गेमच्या आधी, "पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_बॅलन्स्ड" नंतर. नाव वाचून "मिन" म्हणजे कमी ताकद वाटेल. प्रत्यक्षात ते आहे कमीत कमी बचत, म्हणजे पूर्ण ताकद. "स्कीम_मॅक्स" लिहिलंत तर गेम रांगायला लागेल. काही नव्या लॅपटॉपवर पूर्ण ताकदीचं हे सेटिंगच दिलेलं नसतं, तिथे ही ओळ काही करणार नाही. आणि हे ध्यानात ठेवा की गेम चालू असताना काळी विंडो हाताने बंद केली, तर गेम चालू राहतो पण फाइल मरते. नंतरच्या ओळी मग चालत नाहीत आणि लॅपटॉप पूर्ण ताकदीवरच राहतो. बॅटरी दुपारीच का संपली, हा प्रश्न संध्याकाळी पडतो.

"स्टार्ट" ला "/हाय" देऊन गेमला प्रोसेसरवर अग्रक्रम देता येतो. मागे दुसरं काही जड चालू असेल तरच फरक जाणवतो, आणि लाँचरला दिलेला हा वरचा अग्रक्रम त्याने उठवलेल्या गेमपर्यंत आपोआप पोचत नाही. "/रिअलटाइम" देऊ नका. माउस आणि कीबोर्डसुद्धा रांगेत मागे पडू शकतात. "/ॲफिनिटी" मात्र लाँचरकडून गेमकडे वारशाने जाते, आणि तिचा खरा उपयोग जुन्या गेमना आहे. घरगुती पीसीत दोन कोरचे प्रोसेसर २००५ पासून येऊ लागले. त्याआधीच्या काही गेमनी प्रोसेसरमध्ये एकच कोर असणार हे धरून वेळ मोजली आहे, म्हणून आज ते अडखळतात किंवा सैरावैरा पळतात. "/ॲफिनिटी १" लिहिलं की गेम पहिल्याच कोरवर राहतो. आकडा सोळाच्या पद्धतीतला: ३ म्हणजे पहिले दोन, एफ म्हणजे पहिले चार.

जुन्या गेमसाठीची आणखी एक ओळ: "सेट __कॉम्पॅट_लेयर=रनॲजइन्व्होकर". सुरुवातीला खालच्या रेघा दोन आहेत. गेम विनाकारण ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागत असेल, तर ही ओळ आधी लिहिल्यावर तो न विचारता साध्या अधिकारांत चालतो. ज्याला खरोखरच ते अधिकार लागतात, म्हणजे जो स्वतःच्या सेव्ह प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहितो, तो यामुळे सेव्ह करताना अडेल. अशा गेमना प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, सी ड्राइव्हवर थेट एखाद्या "गेम्स" फोल्डरमध्ये इन्स्टॉल केलं की बराचसा वैताग मुळातच टळतो.

डूमचे मोड, म्हणजे लोकांनी त्या गेममध्ये केलेले बदल, खेळणाऱ्यांना मेनू फार उपयोगी. मूळ गेम १९९३ चा, पण त्यावर लोकांनी बनवलेले नकाशे आजही येत असतात आणि प्रत्येकासाठी जीझेडडूमला (आजच्या मशीनवर डूम चालवणारा प्रोग्रॅम) वेगळं "-फाइल" सांगावं लागतं. "चॉइस /सी १२३" लिहिलं की फाइल १, २, ३ पैकी एक की दाबायची वाट बघते आणि तिचा क्रमांक एररलेव्हल म्हणून मागे ठेवते. मग "इफ एररलेव्हल ३ गोटू तिसरा", त्याखाली दोनची ओळ, त्याखाली एकची. क्रम उलटाच हवा, कारण "एररलेव्हल १" चा अर्थ "१ किंवा त्याहून जास्त" असा आहे. एकची ओळ वर लिहिली तर काहीही दाबा, पहिलाच नकाशा उघडेल. जुन्या विंडोज एक्सपीवर "चॉइस" आणि "टाइमआउट" दोन्ही नाहीत. तिथे थांबण्यासाठी लोक स्वतःच्याच मशीनला "पिंग" करत बसायचे, कारण दोन पिंगमध्ये साधारण एक सेकंद जातो. जुन्या फाइलमध्ये विनाकारण पिंग दिसला तर घाबरू नका.

मराठी नावांचं काय?

विंडोजचं खातं देवनागरी नावाने उघडलं असेल, तर तुमच्या यूजर फोल्डरचं नावही देवनागरीत असू शकतं आणि सेव्ह फाइल त्याच्या आत. काळी विंडो मुळात युनिकोडच्या आधीच्या काळातल्या सांकेतिक तक्त्यावर चालते, म्हणून फाइलमध्ये थेट लिहिलेलं मराठी नाव तिला कचरा दिसतं. सगळ्यांत सोपं म्हणजे नाव लिहूच नका, वर वापरलं तसं "%यूजरप्रोफाइल%" लिहा. ते विंडोज स्वतः भरतं. लिहायचंच असेल तर सुरुवातीला "सीएचसीपी ६५००१" ही ओळ घाला, म्हणजे विंडो यूटीएफ-८ वाचू लागेल. नोटपॅडमध्ये सेव्ह करताना नुसतं "यूटीएफ-८" निवडा, "विथ बीओएम" नव्हे. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण पहिल्या कमांडला चिकटते आणि ती ओळच मोडते. जुन्या काळ्या विंडोत जोडाक्षरं तरीही चौकोन किंवा तुटकी दिसतील. मार्ग बरोबर चालतो, फक्त दिसत नीट नाही.

दुसऱ्याची फाइल चालवण्याआधी

"एफपीएस (म्हणजे पडद्यावर सेकंदाला येणारी चित्रं) वाढवणारी बॅच फाइल" या नावाने व्हिडिओंखाली खूप काही वाटलं जातं. त्यातल्या बऱ्याच फाइल तात्पुरत्या फाइल पुसतात, विंडोजची सेटिंग साठवणाऱ्या रजिस्ट्रीत चार बदल करतात आणि शेवटी हिरव्या अक्षरांत "पूर्ण झालं" छापतात. काही मात्र विंडोज डिफेंडर, म्हणजे विंडोजचा व्हायरस रोखणारा प्रोग्रॅम, बंद करतात. बॅच फाइल तुम्हाला जे जे करता येतं ते सगळं करू शकते, आणि ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलीत तर त्याहूनही जास्त. तिची एक गोष्ट मात्र चांगली: ती उघडी असते, नोटपॅडमध्ये वाचता येते. डबल-क्लिक न करता उजव्या क्लिकने "एडिट" निवडा. विंडोज ११ मध्ये ते "अधिक पर्याय" च्या आत दडलेलं असू शकतं. "डेल" किंवा "आरडी" (फाइल आणि फोल्डर पुसणाऱ्या कमांड) समोर कुठला मार्ग आहे ते बघा. "रेग ॲड" काय बदलतं ते शोधा, आणि तो बदल परत फिरवणारी ओळ फाइलमध्ये कुठे आहे का तेही. "पॉवरशेल" या शब्दापुढे अर्थ न लागणारी अक्षरांची लांबलचक माळ असेल, तर ती मुद्दाम वाचता येऊ नये म्हणूनच तशी लिहिलेली असते. ती फाइल चालवू नका, पुसून टाका.